सल्ला हवा: नजर गेलेल्या बाबांना क्रिकेट कोणाच्या आवाजात ऐकवू?

अंत्रुजची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ राहतो. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. पेपर मी वाचून दाखवते. सुरुवात खेळाच्या पानापासून करावी लागते, तो आमच्या घरचा नियमच आहे.

क्रिकेट हा त्यांचा जीव. 1989 च्या नेहरू चषकात फातोर्ड्याला ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका खेळले, तेव्हा रजा टाकून गेले होते. 2001 च्या एप्रिलमध्ये तिथेच भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना झाला, तेव्हा मलाही नेलं. लक्ष्मणने 101 केल्या आणि तरीही बेव्हनने नाबाद 87 करून सामना काढून नेला. मला मात्र त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते बाबांनी कानाला धरलेलं छोटं ट्रान्झिस्टर. समोर मैदान असताना हे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "हांगासून स्पिन खंय दिसता?" (इथून स्पिन कुठे दिसतो?)

आता अडचण सांगते. टीव्ही लावला की दर दोन चेंडूंनी प्रश्न येतो, "बॉल खंय गेलो?" समालोचक "शॉट!" म्हणतो, प्रेक्षक ओरडतात आणि मग दोघं भलत्याच विषयावर बोलू लागतात. चौकार गेला की एकच धाव निघाली, ते पडद्याखालच्या पट्टीवर असतं. ती पट्टी वाचून कोण दाखवणार? षटक संपलं रे संपलं की जाहिरात. धावसंख्या ऐकायलाच मिळत नाही. मी खवणीवर नारळ खवत असले तर तशीच पांढऱ्या हातांनी बाहेर येऊन सांगते. पण मी दिवसभर घरी नसते. मग ते एकटे टीव्हीसमोर बसतात आणि कंटाळून बंद करतात. मला हेच सहन होत नाही.

घरात आम्ही कोकणी बोलतो, वाचन सगळं मराठी. बाबांना इंग्रजी-हिंदीही चांगलं कळतं, फक्त फार भरभर बोललेलं इंग्रजी निसटतं. आरडाओरडा त्यांना आवडत नाही. पुढच्या महिन्यात आपल्याकडे कसोटी मालिका आहे. कोणता समालोचक, कोणती भाषा, टीव्ही की रेडिओ, अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

पर्वरी_एंड

ताई, आधी एक गोष्ट. टीव्हीवरचा समालोचक वाईट असतो म्हणून तुमच्या बाबांना कळत नाही, असं नाही. ऐकणाऱ्याला दिसतंय हे धरूनच तो बोलतो. दिसणारी गोष्ट पुन्हा सांगायची नाही, हा त्या धंद्याचा पहिला धडा. तेव्हा "सर्वांत चांगला कोण" यापेक्षा "रेडिओत तयार झालेला कोण" हे बघा.

या कसोटीवर माझ्या मते टीव्हीवरचं पहिलं नाव हर्षा भोगले. त्यांनी एकोणिसाव्या वर्षी हैदराबादला आकाशवाणीवर सुरुवात केली. 1991-92 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिथल्या एबीसी रेडिओनेही त्यांना घेतलं होतं. ती सवय अजून जिभेवर आहे. गोलंदाज कोण, कोणत्या बाजूने येतोय, चेंडू कुठे गेला, मागे कोण धावलं, हे ते बऱ्याचदा वाक्यात आपसूक घालतात. दुसरं म्हणजे ते कसोटी क्रिकेट खेळलेले नाहीत, त्यामुळे शेजारी बसलेल्या माजी खेळाडूला प्रश्न विचारतात. गावस्करांना विचारतील, "हा पाय पुढे का आला नाही?" तुमच्या बाबांच्या मनातही त्या क्षणी तोच प्रश्न असणार.

पण एक लक्षात ठेवा, समालोचक साधारण अर्ध्या तासाने बदलतात. दिवसभर एकच माणूस मिळणार नाही. म्हणून माणसापेक्षा माध्यम आधी निवडा, आणि ते माध्यम रेडिओच. आकाशवाणी अजून आहे. भारतातल्या सामन्यांचं समालोचन थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी असं आलटून पालटून चालतं. मोबाइलवर त्यांच्या न्यूज ऑन एअर ॲपवरही ऐकता येतं. तिथे प्रकाश वाकणकर असले तर कान देऊन ऐका. बीबीसी रेडिओच्या टेस्ट मॅच स्पेशल या कार्यक्रमातही बोललेत. स्वच्छ, न धावणारं इंग्रजी.

फक्त ॲपचा आवाज मागून येतो. शेजारी टीव्हीवर विकेट पडून आरोळी उठते आणि बाबांच्या फोनवर गोलंदाज अजून रनअपवर असतो. त्याने फार हिरमोड होतो. शक्य असेल तर साधा रेडिओ घ्या. पावसात वीज गेली तरी चालेल.

साळवाट

हिंदीही बघा. टीव्हीवरच्या हिंदी समालोचनात शब्द जास्त असतात, मोकळी जागा कमी. आकाश चोप्रा मला आवडतात, क्षेत्ररक्षण बदललं की कर्णधाराच्या डोक्यात काय चाललंय तेही सांगतात. आणि जुन्या रेडिओवाल्यांत सुशील दोशी! आमच्या घरी त्यांच्या आवाजावर जेवण थांबायचं.

डिचोलीकर_काका

साळवाट, हिंदीत शब्द जास्त असतात हे खरं, पण त्यातले किती चेंडूबद्दल असतात तेही मोजा. शेरोशायरी आणि यमकं ऐकून ज्याला दिसतं त्याची करमणूक होते. ज्याला दिसत नाही त्याचा चेंडू तेवढ्यात हरवतो.

बाय, तुझे बाबा मराठीचे मास्तर, म्हणून मी वेगळं सांगतो. मराठीत समालोचन आहे. आमच्या पिढीने ते बाळ ज. पंडितांच्या तोंडून ऐकलं. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. वि. वि. करमरकरांचंही ऐकलं. पायचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द आम्ही व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो नाही, रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून शिकलो. त्या मराठीला एक चाल होती. चेंडू "उजव्या यष्टीबाहेर" पडायचा, फलंदाज तो "हलकेच खेळून काढायचा", आणि आम्ही डिचोलीच्या बाजारात उभे राहून मान डोलवायचो. डोळे काय करत होते तेव्हा? समोरच्या केळ्यांच्या घडाकडे बघत होते. सगळा सामना कानांत होता.

आताची मराठी वेगळी आहे. 2023 च्या आयपीएलपासून मोबाइलवर मराठीत समालोचन मिळू लागलं. केदार जाधव त्यात होते आणि ते बोलत असतानाच बंगळूरच्या संघाने त्यांना बदली खेळाडू म्हणून बोलावून घेतलं, म्हणजे समालोचनाच्या खुर्चीवरून थेट संघात. त्यांची मराठी मैदानावरची आहे, "बॉल थांबून आला", "हात मोकळे झाले". मास्तरांना सुरुवातीला खटकेल. मला खटकली होती. पण चेंडू थांबून येतो म्हणजे काय, हे ज्याच्या बॅटवर तो थांबून आलाय त्यानेच सांगावं. कसोटीला मराठी असेल का ते आधी बघून घे. आयपीएलला मात्र जरूर ऐकव.

म्हापसा_मॅटिनी

सगळे बोलण्याबद्दल बोलताहेत, म्हणून मी गप्प राहण्याबद्दल लिहितो. मी रिची बेनॉचा भक्त आहे, 2015 मध्ये ते गेले तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, लेगस्पिनर, आणि 1956 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर बीबीसीत राहून हे काम शिकलेला माणूस. चित्रात भर घालता येत असेल तरच बोलायचं, नाहीतर गप्प, हा त्यांचा नियम. आजच्या समालोचकांना हा एक गुण शिकवला तर निम्मी तक्रार मिटेल.

ताई, तुमच्या बाबांनाही सतत बोलणं हवं आहे असं धरून चालू नका. माझ्या आजीला दिसत नव्हतं. ती आवाजावरून सांगायची, कोण आलं, कुठल्या चपला आहेत. स्टंप माइकमध्ये, म्हणजे यष्ट्यांपाशी लावलेल्या माइकमध्ये, बॅटची कड लागल्याचा आवाज आणि मधोमध लागल्याचा आवाज वेगळा येतो. समालोचक त्यावर बोलत राहिला तर तो आवाज मरतो. बाबांचा तेवढा आनंद काढून घेऊ नका.

अंत्रुजची_लेक

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. काल बाबांना हा अख्खा धागा वाचून दाखवला. काकांच्या प्रतिसादातली केळ्यांची घडं ऐकून फार हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले.

म्हापसा_मॅटिनी, तुमचं मी त्यांना मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, शांतता हवी, पण बॉल पडण्याआधी. तेव्हा धावत येणाऱ्या गोलंदाजाची पावलं, बॅट जमिनीवर आपटल्याचा आवाज, सगळं ऐकू येतं. बॉल पडून गेल्यावर मात्र कोणीतरी लगेच बोलायला हवं. टीव्हीवर नेमकं उलटं होतं. गोलंदाज धावत येईपर्यंत गप्पा आणि फटका बसल्यावर शांतता, कारण तेव्हा पडदा बोलत असतो. बेनॉसाहेबांची शांतता नंतरची असायची म्हणून ती डोळेवाल्यांची, असं त्यांचं मत. हे त्यांनी रागाने सांगितलं नाही हं, विचार करून सांगितलं.

एक चांगलं लक्षात आलं. पायचीतचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे गेला की ते खूश असतात. कारण पंच स्वतः एकेक पायरी बोलतो. बॅट लागली नाही, टप्पा रेषेत, पॅडला लागला तो रेषेत, यष्टीला लागतोय. बाबा म्हणतात, आख्ख्या सामन्यात मला इतकं नीट कोणी सांगत नाही.

काणकोण_मुक्काम

हा धागा वाचून राहवलं नाही, म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं.

माझ्या मामांची नजर मधुमेहाने गेली. त्यांच्यासाठी आम्ही कॅरम बोर्ड काढला. मध्ये दोन आगपेट्या, म्हणजे दोन बाजूंच्या यष्ट्या. काळ्या सोंगट्या क्षेत्ररक्षक, राणी गोलंदाज, पांढऱ्या दोन फलंदाज. मामा बोर्डवर हात फिरवून बघायचे, स्लिपला किती, पॉइंट कुठे, मिडविकेट मोकळी आहे का. समालोचक म्हणाला "शॉर्ट लेग आणला", की मामाच सोंगटी सरकवायचे. सोंगटी घसरू नये म्हणून पावडर मात्र टाकायची नाही, खाली जाडसर टॉवेल घालायचा.

आता मूळ प्रश्नावर येतो. समालोचक चांगला की वाईट, हे आम्हाला त्या बोर्डवर कळायला लागलं. ज्याच्या बोलण्यावर सोंगट्या हलवता येतात तो आमचा. कोणी कितीही मोठा खेळाडू असो, तासभर बोलून एकही सोंगटी हलली नाही, असं बऱ्याचदा झालं. आणि ज्यांची नावं फारशी कोणी घेत नाही असे आकाशवाणीवरचे कितीतरी लोक दर षटकाला क्षेत्ररक्षण सांगतात. उजवा फलंदाज, मागे यष्टिरक्षक, दोन स्लिप, एक गली. त्यांना कोणी पुरस्कार देत नाही, पण आमच्या मामांचं मैदान त्यांनीच भरलं.

टीव्हीवाल्यांत संजय मांजरेकरांच्या वेळी बोर्ड बऱ्यापैकी हलायचा. फलंदाजाचे पाय कुठे आहेत, खांदा किती उघडलाय, हे ते सांगतात आणि मग हा फटका कुठे जाईल ते सोंगट्यांवरून दिसायचं. त्यांची मतं कडक असतात, लोकांना राग येतो. मामांना येत नसे. विजय मांजरेकरांचा मुलगा आहे, फलंदाजीत त्याला चूक दिसणारच, असं म्हणायचे.

वास्को_लोको

कॅरम बोर्डची कल्पना वाचून अंगावर काटा आला. मी परदेशी आवाजांबद्दल लिहितो, कारण बाहेरच्या दौऱ्यांना ते ऐकावेच लागतात.

पहिला इयन बिशप. वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज, 43 कसोटीत 161 बळी, पाठीने दगा दिला नसता तर आणखी किती घेतले असते. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि गोल आहे, ताईंच्या बाबांना नक्की कळेल. मनगट, शिवण, चेंडू पडून आत आला की बाहेर गेला, हे ते गोलंदाजाच्या बाजूने सांगतात. 3 एप्रिल 2016 ला ईडन गार्डन्सवर टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजच्या ब्रेथवेटने बेन स्टोक्सला सलग चार षटकार मारले तेव्हाचं त्यांचं "रिमेंबर द नेम" सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र ते साध्या मधल्या सत्रात ऐकायला जास्त आवडतात, काही घडत नसताना.

दुसरा न्यूझीलंडचा इयन स्मिथ. 2019 ची विश्वचषक अंतिम लढत, सुपर ओव्हरही बरोबरीत, चौकारांच्या संख्येवर त्याचाच देश हरला. त्या शेवटच्या चेंडूला त्याच्या आवाजात देश नव्हता, फक्त सामना होता. ज्याला दिसत नाही त्याचा भरवसा आवाजावरच असतो. तो आवाज एका बाजूला झुकलेला असेल तर त्याला खेळ तिरका ऐकू येतो.

इंग्लंडच्या दौऱ्याला मायकल ॲथर्टन आणि नासिर हुसेन. मोजकं आणि नेमकं बोलतात. ईशा गुहाही छान, शब्द सुटे आणि स्पष्ट.

आणि एक शास्त्रींबद्दल. आरडाओरडा नको असं ताईंनी लिहिलंय, म्हणून लोक रवी शास्त्रींना बाद करतील. पण 2 एप्रिल 2011 चं ते वाक्य डोळे मिटून ऐका. "धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल", म्हणजे कोणी आणि काय. "अ मॅग्निफिसंट स्ट्राइक इंटू द क्राउड", म्हणजे चेंडू कुठे गेला. "इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेंटी एट इयर्स", म्हणजे त्याचा अर्थ काय. जन्मांध माणसालाही त्या तीन वाक्यांत सगळा क्षण मिळतो. आवाज मोठा होता, पण रिकामा नव्हता.

पर्वरी_एंड

वास्को, शास्त्रींचं हे विश्लेषण पटलं. मी त्यांना या हिशेबात कधी धरलं नव्हतं.

फोंडा_बाजार

समालोचकांतलं मला फार कळत नाही. रिमोटचं सांगते. डीटीएचच्या रिमोटवर भाषा बदलायचं बटण असतं. त्यावर मसुराच्या डाळीचा एक दाणा चिकटवून टाका. माझ्या सासऱ्यांना आम्ही आवाजाच्या बटणावर असाच लावून दिलाय, दोन वर्षं झाली, पडला नाही. मग ज्याचं बोलणं आवडत नाही त्याच्यावरून बाबा स्वतःच दुसऱ्या भाषेवर जातील, कोणाची वाट बघायला नको.

अंत्रुजची_लेक

कालपासून कसोटी सुरू झाली, म्हणून लिहायला बसले.

मडगावहून साधा रेडिओ आणला. खिडकीजवळ ठेवला की स्टेशन स्वच्छ लागतं, आतल्या खोलीत खरखरतं, म्हणून बाबांची आरामखुर्चीच खिडकीशी नेली. टीव्ही चालू ठेवतो, पण आवाज बंद, बाकीच्यांसाठी. चहाच्या वेळेपासून मात्र टीव्हीचा आवाज, कारण बाबांना गावस्कर ऐकायचे असतात. चेंडूचं वर्णन ते रेडिओवाल्यांसारखं करत नाहीत, हे बाबांनाही मान्य आहे. पण मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई हा बाबांचा अभिमानाचा विषय. 1971 ला वेस्ट इंडिजमधल्या कसोटी मालिकेत गावस्करांच्या 774 आणि सरदेसाईंच्या 642 धावा. गावस्कर जुन्या गोष्टी सांगायला लागले की बाबा खुर्चीत पुढे सरकून बसतात, आज तरी ते नाव येईल म्हणून. यात गुणवत्तेची तुलना नाही, माया आहे, आणि ती मी मोडणार नाही.

मसुराचा दाणा बसला. पहिल्या तासात बाबांनी सात-आठ वेळा भाषा बदलली, नुसतं जमतंय का ते बघायला.

आणि कॅरम बोर्ड. काणकोण_मुक्काम, तुम्हाला काय सांगू. आधी मी सोंगट्या लावून दिल्या. तिसऱ्या षटकाला ते म्हणाले, ही गली चुकली, इतकी सरळ नसते. बोटांनी मोजून मागे घेतली. दुपारी रेडिओवर ऑफस्पिनर आल्याचं सांगितलं, तेव्हा कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी एक स्लिप काढून शॉर्ट लेगला नेली. दोन चेंडूंनंतर समालोचकाने तेच सांगितलं. मी दारात उभी होते, हातात पिठाची परात. ते माझ्याकडे वळले नाहीत, कारण मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. नुसते त्या सोंगटीवर बोट ठेवून बसले होते.

दिवसभरात "बॉल खंय गेलो?" असं एकदाच विचारलं, तेही रेडिओ खरखरला तेव्हा.

संध्याकाळी खेळ संपल्यावर मी बोर्ड उचलायला गेले तर हात आडवा घातला. "आसूं दी. फाल्यां सकाळीं हीच फील्ड आसतली." (असू दे. उद्या सकाळी हीच फील्ड असणार.) रात्री सगळ्यांनी त्या बोर्डच्या कडेने जपून जाऊन जेवण केलं.